तिसऱ्या जोडातली हवा

पानेबाईंचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते बिचारं तिथंच राहिलं. प्रयोगशाळेत लहानथोर सगळे त्यांना पानेबाईच म्हणत, कारण त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या उजव्या खिशात नट आवळायचा पाना कायम असे. वायूची नळी दिसली की बाई थांबणार, जोडाला पाना लावणार आणि पाव फेरा आवळणार. कुणी हसलंच तर म्हणणार, "हसा लेको. वायू काय दारावर टकटक करून जात नाही."

घरीही तेच. घर म्हणजे दोन खोल्या. त्यातला एक नळ ठिबकेल तर शपथ. खिडक्या करकरत नव्हत्या, दारं आपटत नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्या घरात आवाज म्हणून काही नव्हताच. धाकटा भाऊ महिन्यातून एकदा फोन करायचा, "ताई, बरी आहेस ना?" विचारायचा. ताई म्हणायची, "बरी आहे." की झालं, महिन्याचं बोलणं संपलं.

चौतीस वर्षांच्या नोकरीतले नऊ दिवस उरले होते. साहेबांनी निरोपाच्या भाषणाचा कागद आधीच लिहून ठेवला होता, आणि न राहवून त्यातलं एक वाक्य बाईंना वाचूनही दाखवलं होतं: 'ज्यांच्या हातून एकही चूक झाली नाही, अशा आपल्या पानेबाई.' बाईंनी तोंडानं "छे हो, काहीतरीच" म्हटलं. मनातून मात्र ते वाक्य त्यांना फार आवडलं. दुसरं होतं काय त्यांच्याजवळ? मूल नाही, बाळ नाही, नवरा तर मुळात केलाच नाही. हात चुकत नाही एवढी एकच जमापुंजी.

शेवटचं काम म्हणून त्यांच्याकडे जुनी खोली रिकामी करणं आलं. नव्या इमारतीत नव्या भट्ट्या येऊन पाच वर्षं झाली होती. जुनी भट्टी तेव्हापासून धूळ खात पडलेली, आता भंगारात जायची. बाईंनी तिच्यावरचं कापड काढलं आणि त्यांचा जीव कसनुसा झाला. भट्टी कसली, हातभर लांबीची विजेवर तापणारी नळी ती. तिच्या पोटात काचेसारखी दुसरी नळी, एका टोकाला नायट्रोजनचं सिलिंडर, दुसऱ्या टोकाला वायू ओढून घेणारा पंप, आणि मधे पाच जोड. शेजारी टेबल, आणि टेबलापाशी दोन स्टुलं. एक बाईंचं. दुसरं शेठचं.

शेठ म्हणजे काही पैसेवाला माणूस नव्हे बरं का. खिशात दमडी नसायची, पण हातात दिवसभर प्लॅटिनम, म्हणून शेठ. एकवीस वर्षांपूर्वीपर्यंत ही भट्टी दोघांची होती. कृती त्यानं काढायची, मोजणीचे आकडेही त्यानंच लिहायचे, आणि भट्टी बाईंनी सांभाळायची. दुपारचा डबा दोघांनी याच टेबलावर खायचा. शेठ जेवताना गुणगुणायचा, आणि इतकं बेसूर की पंप बरा वाटावा. बाई म्हणायच्या, "शेठ, घास तरी गिळा आधी." तो म्हणायचा, "पानेबाई, तुमचा पाना द्या, सूर जरा आवळून घेतो."

काम काय होतं तेही सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कळेल. गाडीच्या धुराड्यातून जो विषारी वायू येतो, त्याचं निरुपद्रवी वायूत रूपांतर करायला प्लॅटिनम लागतं. धातू सोन्याच्या तोडीचा महाग, म्हणून चिमूटभरच घ्यायचा आणि पांढऱ्या पुडीवर पसरून भट्टीत तापवायचा. कण जितके बारीक राहतील तितकं काम जास्त. पण तापवलं की हे कण सरकत सरकत एकमेकांना जाऊन मिळतात, त्यांचे गोळे होतात, आणि गोळ्याच्या आत अडकलेला धातू फुकट जातो. जगभर हीच डोकेदुखी. शंभर भाग विषारी वायू सोडला तर त्यातला तीसएक भाग साफ व्हायचा. कुणी कितीही खटपट केली तरी आकडा तिसाच्या पुढं सरकत नव्हता.

आणि एक दिवस शेठच्या कृतीनं चौऱ्याऐंशी दिले.

पुन्हा केलं, पुन्हा चौऱ्याऐंशी. शेठनं शोधनिबंध छापला. चार ठिकाणांहून पत्रं आली, तेव्हाच्या साहेबांनी पाठ थोपटली. मग दुसरीकडचे लोक लिहू लागले की आमच्याकडे तर बत्तीसच येतात. कुजबुज सुरू झाली. तेरड्याचा रंग तीन दिवस, म्हणाले लोक. शेवटी चौकशी समिती बसली. समितीनं शेठला याच भट्टीवर, सगळ्यांच्या देखत, तीन वेळा करून दाखवायला सांगितलं. आले एकतीस, तीस, एकतीस. शेठ घामाघूम झाला होता. तो सारखा म्हणत होता, "असं कसं होईल? असं होणारच नाही."

मग समितीनं बाईंना विचारलं, "भट्टी पूर्वीसारखीच आहे ना? मधे काही बदल?"

बाई ताठ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भट्टी जशीच्या तशी आहे. काहीही बदललेलं नाही."

तसं लिहूनही दिलं, खाली सही केली. त्या खोटं बोलल्या नव्हत्या. खोटं बोलणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. शेठला कुणी काढलं नाही, पण लोक त्याच्याकडे बघून बघेनासे झाले, आणि महिन्याभरात त्यानं स्वतःच राजीनामा दिला. पुढं तो रंगाच्या कारखान्यात डबे तपासायला लागल्याचं कळलं. जाताना तो बाईंना भेटला नाही.

भेटायला आल्या त्या वहिनी, म्हणजे शेठची बायको. फाटकाबाहेर उभ्या होत्या. बाईंचा हात धरून म्हणाल्या, "तुम्ही तरी खरं सांगा हो. यांनी आकडे मनानं लिहिले का? हे मला नेहमी सांगायचे, सगळं जग चुकेल, पण पानेबाईंचा हात चुकायचा नाही. तुम्ही म्हणाल ते मी मानते."

बाई म्हणाल्या, "वहिनी, माझ्यासमोर तर एकतीसच आले."

वहिनींनी हात सोडला. "कळलं," म्हणाल्या आणि गेल्या. तेव्हापासून ते दुसरं स्टूल रिकामं. बाई त्यावर सिलिंडरची किल्ली ठेवायच्या, उगाच कुणी येऊन बसू नये म्हणून.

तर त्या दिवशी भट्टी पुसता पुसता बाईंच्या मनात आलं की जाण्यापूर्वी एकदा तापवावी. आणि तापवायचीच तर शेठची कृती का नको? कुणाला सांगायचं होतं थोडंच! भांडारात थोडं प्लॅटिनम शिल्लक होतं. बाईंनी पूड केली, नळीत भरली, सवयीनं पाचही जोड आवळले. नळी हवा धरते का, म्हणजे कुठं गळत तर नाही ना, याची चाचणी मात्र, कधी नव्हे ती, टाळली. भंगारात जाणाऱ्या भट्टीचे कसले लाड! चार तास नायट्रोजनखाली तापवलं, थोडा हायड्रोजन फिरवला, आणि दुसऱ्या दिवशी पूड मोजायच्या यंत्रावर लावली.

यंत्रानं दाखवले त्र्याऐंशी.

"मेलं यंत्र बिघडलं," बाई मोठ्यानं म्हणाल्या. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी यंत्र तपासलं, ते ठणठणीत होतं. मग त्या भट्टीपाशी गेल्या, पंप लावला, सिलिंडर बंद केलं आणि दाबाच्या काट्याकडे बघत बसल्या. काटा जागेवर राहीना. कुठून तरी बाहेरची हवा आत येत होती. एकेक जोड उघडत गेल्या. तिसरा, पंपाच्या बाजूचा, उघडला तर आतली रबरी रिंग चिरलेली. केसाएवढी चीर. वरून कितीही आवळा, हवा येणारच.

हवा म्हणजे ऑक्सिजन. किती? नखभर. पण बाई चौतीस वर्षं भट्टीपाशी बसल्या होत्या, त्यांना पुढचं कुणी सांगायला नको होतं. तेवढ्याशा ऑक्सिजननंच प्लॅटिनमच्या कणांना पांढऱ्या पुडीशी जखडून ठेवलं होतं. कणांना सरकता आलं नाही, म्हणून गोळे झाले नाहीत.

ही रिंग आधी कधी बदलली होती? इतर लोक नखं कापतात तशा त्या रिंगा बदलायच्या, कोण लक्षात ठेवतो? पण लिहून ठेवायची सवय होती. कपाटातून देखभालीची वही काढली. एकवीस वर्षांपूर्वीचं पान. स्वतःचं सुबक अक्षर: 'शनिवार. तिसरा जोड. रिंग चिरलेली. नवी घातली. आता उत्तम हवा धरतो.' उत्तमखाली रेघसुद्धा मारलेली. शेठ तेव्हा आठवडाभर रजेवर होता. त्याच्या शेवटच्या चांगल्या खेपेनंतरचा तिसरा दिवस तो. आणि अकरा दिवसांनी समिती बसली होती.

काहीही बदललेलं नाही.

बाई स्टुलावर बसल्या. आवळणं हा त्यांच्या लेखी बदल नव्हताच. ती तर व्यवस्थितपणाची गोष्ट, अंगवळणी पडलेली. दुसरीकडच्या लोकांना बत्तीस येत होते ते त्यांच्या भट्ट्या घट्ट होत्या म्हणून. चौऱ्याऐंशी इथंच येत होते, या फुटक्या जोडापायी, आणि तो जोड बाईंनी आपल्या हातानं बुजवला होता. नेमका माणूस उभा राहायच्या आधी त्याच्या पायाखालची फळी काढून घ्यावी, आणि वर सही करून द्यावी की फळी नव्हतीच!

तरी त्यांनी लगेच मानलं नाही. एका खेपेवरून निकाल द्यायला त्या काही समितीतल्या नव्हत्या. नवी रिंग घालून पुन्हा तापवलं: एकतीस. चिरलेली परत घालून तापवलं: ब्याऐंशी. यात चार दिवस गेले. त्या चार दिवसांत बाई कुणाशी अवाक्षर बोलल्या नाहीत, आणि खंत अशी की कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

घरी रात्रीचं दार लावताना त्यांच्या मनात यायचं, गप्प बसले तर? भट्टी सोमवारी भंगारात जाईल. ती वही जाईल. साहेब ते वाक्य वाचतील, लोक टाळ्या वाजवतील, हातात फुलं येतील. कुणाचं काय बिघडणार आहे? एकवीस वर्षं होऊन गेली, शेठ आता रंगात रमला असेल. आणि लगेच फाटकापाशी हात सोडणाऱ्या वहिनी डोळ्यांपुढं यायच्या. बाईंना स्वतःची लाज वाटायची, आणि भीतीही वाटायची. ती जमापुंजी गेली की या दोन खोल्यांत आपल्या सोबतीला काय उरणार, हे त्यांना कळत नव्हतं.

शुक्रवारी दुपारी त्या भांडारात गेल्या. भांडारवाला जुना माणूस, शेठच्या संपर्कात असलेला.

"शेठचा नंबर आहे का?"

भांडारवाल्यानं चष्म्यावरून पाहिलं. "आज आठवण झाली होय?" म्हणाला. पण चिठ्ठीवर नंबर लिहून दिला.

जुन्या खोलीत भिंतीला फोन होता. पंप घरघरत होता, कारण हाताला चाळा म्हणून बाईंनी चौथी खेप चढवली होती. त्यांनी दार लोटलं, पण ते पुरतं लागायचं नाही. नंबर फिरवला.

"हॅलो, कोण?" आवाज म्हातारा झाला होता.

"मी. पानेबाई."

"बोला."

बाईंनी तयारी केलेली वाक्यं कुठल्या कुठं पळाली. त्या एकदम म्हणाल्या, "शेठ, तिसऱ्या जोडाची रिंग चिरलेली होती. तुमच्या रजेत मी ती बदलली. वहीत आहे. समितीला मी सांगितलं नाही, मला तो बदल वाटलाच नाही. आता पुन्हा चिरली, तर तुमच्या कृतीनं त्र्याऐंशी आले. घट्ट करून एकतीस. सैल करून ब्याऐंशी."

बाईंना वाटलं फोन ठेवला.

"कुठल्या बाजूची म्हणालात?" शेठनं विचारलं.

"पंपाच्या."

"म्हणजे पंप बाहेरची हवा ओढत होता." त्याचा आवाज हळूहळू बदलत गेला. "अहो, म्हणजे ऑक्सिजन! ऑक्सिजननं धरून ठेवलं होतं त्यांना. आणि मी मेला काय काय शोधत बसलो. पाणी बदलून पाहिलं, क्षार बदलून पाहिले..." तो हसायला लागला आणि मधेच थांबला. "पानेबाई, एक सांगू? शेवटी शेवटी मलाच वाटायला लागलं होतं. लिहिताना आपणच तर काही... मोठेपणाच्या नादात... माणसाचं काही सांगता येत नाही. एकवीस वर्षं मी स्वतःला विचारतोय."

"नाही हो शेठ," बाई म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं. "तुम्ही काही केलं नव्हतं. मी केलं. माफ तरी कुठल्या तोंडानं मागू?"

"मला नका सांगू," शेठ म्हणाला. "मला कळलं. हिला सांगा. घरात एक अक्षर बोलली नाही ती कधी. डबा दिला, औषधं दिली, सगळं केलं. पण त्या दिवसापासून माझ्या कामाबद्दल हिनं एक प्रश्न विचारला नाही. थांबा, देतो."

फोन हातातून हातात गेला.

"वहिनी," बाई म्हणाल्या, "शेठचे आकडे खरे होते. चूक माझी होती."

"काय म्हणता? मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही."

वय झालं बिचारीचं, बाईंच्या मनात आलं. त्यात हा पंप. त्यांनी आवाज चढवला. "शेठ खरं बोलत होते! चूक माझी होती!"

"अजून मोठ्यानं."

लोटलेलं दार करकरलं. बाहेरून जाणारी दोन माणसं थबकली होती. त्यांच्यामागून साहेबही आले, हातात तोच कागद असावा. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले, आणि चौतीस वर्षांत त्या इमारतीत जेवढ्यानं कधी बोलल्या नव्हत्या तेवढ्यानं ओरडल्या, "शेठनं आकडे खोटे लिहिले नव्हते! भट्टी मी बदलली होती! चूक माझी होती, माझ्या हातानं झालेली!"

दारातलं कुणी हललं नाही.

"हं," वहिनी पलीकडून शांतपणे म्हणाल्या. "पहिल्या वेळीच ऐकलं होतं मी. कान चांगले आहेत माझे. पण तेव्हा तुम्ही चार लोकांसमोर सांगितलं होतंत ना? म्हटलं, आता हेही चार लोकांना ऐकू जाऊ दे."

साहेब दारातून पुढं आले, काहीतरी विचारणार होते, पण बाईंचा चेहरा बघून मागं फिरले. मग इतरही गेले. साहेबांनी जाताना कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

फोन अजून चालूच होता. वहिनींनी तो बंद न करताच टेबलावर ठेवला असावा. दुरून, पाणी ओतल्यासारखा आवाज येत होता, ताटं मांडल्याचा येत होता. "अहो, बसा आता जेवायला," वहिनी म्हणत होत्या. मग थोड्या वेळानं, जरा चाचरत, "काय म्हणत होतात हो तुम्ही? ऑक्सिजनचं काय?"

"अगं, ऐक," शेठ म्हणाला. "हे प्लॅटिनमचे कण असतात ना..."

पुढचं पंपाच्या घरघरीत बुडालं. बाईंनी भट्टीकडे पाहिलं. खेप अर्ध्यावर आली होती. आता पंप बंद केला तर पूड वाया जाणार, सबंध दिवसाचं काम फुकट. चालू खेप अर्ध्यावर त्यांनी उभ्या जन्मात सोडली नव्हती.

त्यांनी हात लांब करून पंप बंद केला. खोली शांत झाली. दुसऱ्या स्टुलावरची किल्ली उचलून त्यांनी टेबलावर ठेवली, आपल्या स्टुलावर बसल्या, आणि फोन कानाशी धरून शेठचं सांगणं ऐकत राहिल्या. तो जेवता जेवताच बोलत होता. मधेच तो थांबला आणि गुणगुणायला लागला, पूर्वीसारखाच बेसूर.

"घास तरी गिळा आधी," पलीकडे वहिनी म्हणाल्या.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं असावं. फोन बंद झाला.